म्हातारी बाई आणि आपली चळवळ

(१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९९० मध्ये ठराव केला आणि १९९१ पासून १ ऑक्टोबर हा वृद्धांचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. आपल्याकडेही पाळतात. हॉल घेतात, शाल-श्रीफळ देतात, भाषणं होतात. व्यासपीठावर बहुतेक निवृत्त पुरुष असतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी शाळेतून, कुणी सरकारी कचेरीतून. त्यांच्या सत्काराला माझी हरकत नाही. पण आपल्या वस्तीतली, आपल्या गावातली म्हातारी त्या हॉलमध्ये दिसत नाही. ती कशातूनच निवृत्त झालेली नसते. त्या वेळी ती नातवंडं सांभाळत असते, शेळ्यांमागे असते, नाहीतर चार घरची भांडी घासत असते.

आज मला एवढंच मांडायचं आहे की म्हाताऱ्या बाईचे हाल हे वयाने आणलेले नाहीत. आयुष्यभर तिच्या कामाला दाम मिळाला नाही, घर-जमिनीवर तिचं नाव लागलं नाही, तिच्या शब्दाला किंमत दिली गेली नाही. या सगळ्याची बाकी साठीनंतर एकदम तिच्या अंगावर येते. म्हणून हा वृद्धांच्या कल्याणाचा वेगळा विषय नाही. हुंडा, मारहाण, पोटगी, समान वेतन या आपल्याच प्रश्नांचं हे शेवटचं टोक आहे. तिथे दया कामाची नाही, हक्कच मागावे लागतील.

बायका जास्त जगतात, पण कशा?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठ वर्षांवरची माणसं दहा कोटींहून जास्त होती आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होती. ज्या देशात मुलगी जन्माला येण्याआधीच मारली जाते, तिथे या एकाच वयात बायका जास्त आहेत! याच जनगणनेत साठीपुढच्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या विधवा होत्या. पुरुषांमध्ये विधुर होते सहा-सातांत एक. याचा अर्थ सरळ आहे. नवरा वयाने मोठा असतो, तो आधी जातो. त्याच्या आजारपणात बायको उशापायथ्याशी असते. तिच्या आजारपणात तिच्याजवळ कोण असणार, याचं उत्तर कुणाकडे नसतं.

आणखी एक गोष्ट. सरकार म्हातारपण साठीला किंवा पासष्टीला मोजतं. हा हिशेब कचेरीत बसणाऱ्या माणसाचा आहे. ऊसतोडीला जाणारी बाई पहाटेपासून मोळ्या उचलते, तिचं म्हातारपण चाळिशीतच सुरू होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. तिशी-पस्तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या जात होत्या. त्यांत कुणाची अंडाशयंही काढली गेली असतील, तर तिचं शरीर तेव्हापासूनच पाळी गेलेल्या बाईचं झालं. हाडं ठिसूळ होणं, कंबर धरणं हे तिच्या वाट्याला वीस वर्षं आधी येतं. पण तिच्या आधारकार्डावर वय असतं बेचाळीस. तेही अंदाजाने टाकलेलं.

लाडक्या बहिणीचं वय

आता पैशाचं बोलू. बाईच्या हातात स्वतःचा पैसा असला, तर घरात तिला पाणी विचारलं जातं. आपल्या बचत गटांतून आपण हे पाहिलेलं आहे.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दोन्हींची रक्कम २०१९ मध्ये महिना एक हजार झाली आणि २०२३ मध्ये दीड हजार झाली. दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. केंद्र सरकारची वृद्धापकाळ पेन्शन १९९५ मध्ये पंचाहत्तर रुपयांवर सुरू झाली. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून दोनशे रुपयांवर थांबलेला आहे. या काळात डाळीचा भाव कुठे गेला, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण रकमेपेक्षाही अट बघा. या योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं एकवीस हजार रुपये अशी चालत आली आहे. म्हणजे महिना साडेसतराशे. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने एक माणूस एकाहत्तर दिवस खडी फोडायला गेला, तर एवढ्यानेच ते घर मर्यादेबाहेर गेलं. मग बाई काय करते? खोटा दाखला काढायला दलालाच्या मागे फिरते. गरीब बाईला खोटं बोलायला लावायचं आणि वर तीच फसवते म्हणून ओरडायचं, ही त्या अटीची करणी आहे.

त्यात ‘कुटुंबाचं उत्पन्न’ हा शब्द आहे. मुलगा कमावतो, म्हणून आई निराधार नाही, असं कागद म्हणतो. पण मुलाचा पगार आईच्या हातात पडतो का, हे कुणी विचारत नाही. आपण परित्यक्तांच्या लढ्यात हेच म्हणत होतो की बाईचं उत्पन्न तिचं स्वतःचं मोजा, नवऱ्याचं किंवा भावाचं तिच्या नावावर धरू नका. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. स्वतंत्र रेशनकार्ड मिळावं, ही त्या लढ्यातली मोठी मागणी होती. तेव्हा पंचविशी-तिशीत असलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या त्या बायका आज साठी-सत्तरीत आहेत. माहेरच्या एका खोलीत, भावजयीच्या हाताखाली दिवस काढत आहेत. म्हणजे त्या परिषदेचं काम अजून संपलेलं नाही.

आता २०२४ च्या जुलैपासून राज्यात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. त्यात वय एकवीस ते पासष्ट आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. एक बाई चौसष्ट वर्षांची आहे. घरचं उत्पन्न वर्षाला ऐंशी हजार आहे. तिला दीड हजार मिळतात. पासष्ट पूर्ण झाली, की ती त्या यादीतून बाहेर. श्रावणबाळकडे गेली, तर तिथे मर्यादा एकवीस हजारांची. तिथेही तिला जागा नाही. हातपाय चालत होते तोवर सरकारची बहीण होती, गुडघे गेले आणि नातं तुटलं! कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. म्हातारी बाई मोर्चा काढणार नाही, तिच्या वतीने कुणी भांडणार नाही, असं गृहीत धरलेलं आहे.

बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ पासून पेन्शन परिषदेने मागणी लावून धरली आहे की कष्टकऱ्याला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळावी आणि ती सर्वांना मिळावी. ‘सर्वांना’ हा शब्द आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. निवडक गरिबांना शोधायला निघालं, की पहिल्यांदा गाळली जाते ती कागद नसलेली बाई. घरकाम करणाऱ्या मोलकरणी, कचरा वेचणाऱ्या, विडी वळणाऱ्या, शेतमजूर या सगळ्या जणी चाळीस-चाळीस वर्षं राबतात. त्यांच्या कामाची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण महिन्याच्या महिन्याला मिळणारी पेन्शन काही त्यातून आली नाही.

मंजूर झालेली पेन्शन हातात पडेपर्यंतही अडथळे असतात. दरवर्षी हयातीचा दाखला हवा. आयुष्यभर राख-मातीने भांडी घासून बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या, तर यंत्राला अंगठा कळत नाही. बँक तालुक्याला. एसटी पंचाहत्तरीनंतर २०२२ पासून मोफत आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, हे चांगलंच झालं. पण तिथवर गेल्यावर ‘आज नेट नाही, उद्या या’ म्हणतात. शेवटी मुलगा किंवा नातू पासबुक स्वतःकडे ठेवतो. पेन्शन आली की नाही, हेही तिला कळत नाही. पासबुक आणि कार्ड कुणाच्या हातात आहे, हे आपल्या गटाने प्रत्येक म्हातारीला विचारायला हवं.

एक सही

दुसरा प्रश्न घर आणि जमिनीचा. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पुष्कळ शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, ते मोठं काम होतं. पण बहुतेक घरांत सात-बारावर बाईचं नाव नवरा मेल्यावर वारस म्हणून पहिल्यांदा येतं आणि तेही लवकरच जातं. तेरावं झालं, की मुलगे कागद घेऊन येतात. “आई, इथं अंगठा दे. बँकेचं कर्ज काढायचंय, सोपं पडेल.” तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. बहिणींचीही सही त्याच्यावर घेतात, साडीचोळीच्या बदल्यात.

कायदा काय सांगतो, ते पाठ करून ठेवा. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. मृत्युपत्र न करता नवरा गेला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. ‘त्याची आई’ हे शब्द कायद्यात आहेत आणि आपण ते विसरतो. म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांदेखत मुलगा गेला, तर त्याच्या मिळकतीत तिचाही वाटा असतो. वाट्याला आलेल्या मिळकतीची ती पूर्ण मालकीण असते, नुसती पोटापुरती वापरणारी नव्हे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि सगळ्या देशात २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. आपल्या शेजारी गोव्यात तर लग्नाचा वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत निम्मी-निम्मी धरतात. तिथे बाई नवऱ्याच्या हयातीतच मालकीण असते. आपल्याकडे मात्र विधवा झाल्यावरच तिचं नाव सात-बारावर यावं, हे किती दिवस चालवून घ्यायचं?

दुसरा कागद बक्षीसपत्राचा. म्हातारी स्वतःच्या नावचं घर प्रेमाने मुलाला लिहून देते. सहा महिन्यांत तिची खाट ओसरीवर येते. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ मध्ये झाला. त्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ झाला नाही तर परत मिळू शकते, ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तशी अट असल्याचं सिद्ध व्हायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या खटल्यात याच न्यायालयाने कायद्याचा हेतू बघून उदार अर्थ लावला आणि तिने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. आपण न्यायाधीशाच्या उदारपणावर विसंबायचं नाही. शक्यतो हयातीत घर लिहून देऊच नये. द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करावं, ते कधीही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर ‘माझा मरेपर्यंत सांभाळ आणि या घरात राहण्याचा माझा हक्क या अटीवर देत आहे’ हे वाक्य त्यात लिहून घ्यावं. ते एक वाक्य तिचं छप्पर वाचवू शकतं.

वाटून घेतलेले आईबाप

म्हाताऱ्या बाईचा छळ हा छळ म्हणून ओळखू येत नाही. तिला काठीने मारतात तेव्हाच तो छळ, असं नाही. चष्मा फुटला तरी महिनोन्महिने नवा आणायचा नाही, हा छळ आहे. औषध ‘आता काय उपयोग’ म्हणून बंद करायचं, लघवी होते म्हणून पाणीच कमी द्यायचं, जेवायला सर्वांत शेवटी आणि उरलेलं द्यायचं, हाही छळ आहे. वाटणी करताना भांड्यांसारखे आईबाप वाटून घेतात. वडील थोरल्याकडे, आई धाकट्याकडे. पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या माणसांची ताटातूट होते आणि गावात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. काही घरांत महिन्याची पाळी लावतात. एकतीस तारखेच्या महिन्यात तो एक जादा दिवस कुणाचा, यावरून भांडणं होतात. बोचकं उचलून ती या दारातून त्या दारात जाते.

२००७ च्या कायद्याने यावर उपाय दिलेला आहे. महाराष्ट्रात अर्ज प्रांताकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. वकील लावायची गरज नाही. तिच्या वतीने संस्था किंवा गटसुद्धा अर्ज करू शकतो. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल लागावा, असं कायदा म्हणतो. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहाची रक्कम ठरवता येते. मुलगे, मुली, सज्ञान नातवंडं जबाबदार धरता येतात. सावत्र आईही मागू शकते. मूलबाळ नसेल, तर तिची मिळकत ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्याकडून मागता येतं. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होऊ शकतो. फौजदारी कायद्यातला पोटगीचा जुना मार्गही आहे. कलम १२५ चं १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं. लग्न झालेली मुलगीही आईबापांच्या पोटगीला जबाबदार असते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात १९८७ मध्येच सांगितलं आहे.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तरुण बायकोसाठीच आहे, असं आपल्यापैकी पुष्कळ जणी धरून चालतात. तो आईसाठीही आहे, बहिणीसाठीही आहे. मुंबईतल्या एका आई आणि मुलीने मुलगा, सून आणि घरातल्या इतर बायकांविरुद्ध तक्रार केली होती. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने ‘सज्ञान पुरुष’ हे शब्द त्या कायद्यातून काढून टाकले. म्हणजे छळ करणारी बाई असेल, तरी तक्रार करता येते.

इथे आपल्यातली काही जण अस्वस्थ होतील. व्हायलाच हवं. कारण सासू आणि सून दोघी आपल्या केंद्रात येतात.

सासू-सून

सुनेचा छळ होतो तेव्हा आपण सुनेच्या बाजूने उभ्या राहतो आणि ते बरोबरच आहे. पण ज्येष्ठांचा कायदा आल्यावर एक नवी चाल सुरू झाली. नवऱ्याला बायको नको झाली, की तो स्वतः मागे राहतो आणि आईवडिलांना पुढे करून प्रांताकडे अर्ज टाकतो की हे घर आमचं, सुनेला बाहेर काढा. बंगळूरच्या एका सुनेचा असा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की ज्येष्ठांच्या कायद्याचा असा वापर करून सुनेचा सासरच्या घरात राहण्याचा हक्क बुडवता येणार नाही. दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील.

हा निकाल आपल्या कामाला दिशा देणारा आहे. घराच्या मालकीच्या कागदावर बहुधा सासूचंही नाव नसतं आणि सुनेचंही नसतं. दोघी दुसऱ्याच्या छपराखाली राहतात. एकीला म्हातारपणाची धास्ती, दुसरीला हाकलून देण्याची. तुटपुंज्या जागेसाठी दोघींना एकमेकींवर सोडलं जातं आणि मालक बाजूला उभा राहून ‘बायकांची भांडणं’ म्हणून हसतो. आपल्याला भांडण या मालकीशी करायचं आहे. केंद्रात सासू तक्रार घेऊन आली, की पहिला प्रश्न हा विचारा: घर कुणाच्या नावावर आहे, आणि मुलगा काय करतो?

सेवा कुणी करायची?

श्रावणबाळाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कावडीत आंधळे आईबाप घेऊन तो तीर्थयात्रेला निघाला. सरकारने योजनेलाही त्याचं नाव दिलं. पण आजच्या घरातली कावड कुणाच्या खांद्यावर असते? अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं हगणं-मुतणं काढते सून. नाहीतर सत्तर वर्षांची बायको ऐंशी वर्षांच्या नवऱ्याला कुशीवर वळवते. मुलाला गावात श्रावणबाळ म्हणतात.

२०१९ मध्ये ज्येष्ठांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक आलं होतं. त्यात सून आणि जावई यांनाही जबाबदार धरण्याची तरतूद होती. लोकसभा विसर्जित झाली आणि ते २०२४ मध्ये बारगळलं. पण ती कल्पना पुन्हा येईल, तेव्हा आपली भूमिका तयार हवी. जिच्या नावावर काही नाही, जिला स्वतःची कमाई नाही, अशा सुनेला कायद्याने सेवेला बांधणं म्हणजे एका बाईचं म्हातारपण दुसऱ्या बाईच्या तरुणपणातून वसूल करणं आहे.

याचा अर्थ म्हातारीने उघड्यावर पडावं, असा नाही. सरकारने आपला वाटा उचलावा, असा आहे. २००७ च्या कायद्याची भाषा बघा. मुलांनी सांभाळ केला पाहिजे, असं बंधन आहे. पण प्रत्येक जिल्ह्यात गरीब वृद्धांसाठी किमान दीडशे जणांची सोय असलेला एक वृद्धाश्रम सरकार ‘उभारू शकेल’. मुलांना ‘केलंच पाहिजे’ आणि सरकारला ‘करता येईल’! केरळात २००८ पासून धोरण करून पंचायतींमार्फत घरोघर नर्स जाण्याची व्यवस्था उभी राहिली. खाटेवरच्या रुग्णाची जखम धुणं, नळी बदलणं, घरच्यांना शिकवणं ही कामं पगारी, प्रशिक्षित माणसं आणि स्वयंसेवक करतात. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण मिळालं. ते दवाखान्यात दाखल झाल्यावर उपयोगी पडतं. पण अंग बाहेर येतं, लघवी थांबत नाही, गुडघा धरतो, ऐकू येत नाही, हे म्हातारीचे रोजचे आजार. ती लाजेने बोलत नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला कुणी विचारत नाही. बाळंतपण संपलं, की आरोग्य खात्याच्या लेखी बाईचं शरीर संपलं.

मान

पैसा, घर आणि सेवा यांच्याबरोबर चौथी गोष्ट आहे मान. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. या ठरावाचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर तरुण विधवा येते. पण या प्रथेच्या झळा सर्वांत जास्त काळ सोसल्या आहेत त्या म्हाताऱ्या विधवांनी. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं त्या हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसल्या. नातवाच्या लग्नात ओवाळायला पुढे झाल्या नाहीत. आपल्या गटाचं हळदीकुंकू असेल किंवा तिळगूळ असेल, पहिला मान सर्वांत वयस्क विधवेला द्या. कुणी कुरकुर करेल, करू दे.

आणि म्हातारीला नुसतं ऐकवू नका, तिचं ऐका. तिला काय खायचंय, कुणाकडे राहायचंय, ऑपरेशन करायचंय की नाही, हे तिला विचारून ठरवा. वय झालं म्हणून तिचा निर्णयाचा हक्क जात नाही.

आपण काय करू शकतो?

गावी परतल्यावर लगेच करता येतील अशी कामं सांगते.

१) गावातल्या, वस्तीतल्या साठीपुढच्या बायकांची यादी करा. कोण एकटी राहते, पेन्शन मिळते का, आधारवरचं वय बरोबर आहे का, पासबुक कुणाकडे आहे, हे लिहा.

२) नवरा वारला त्या घरी तेराव्याच्या आत जा. सांत्वन कराच, पण ‘न वाचता कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका’ हे सांगून या. वारस नोंदीला तलाठ्याकडे तिच्याबरोबर जा.

३) प्रांताकडे करायच्या अर्जाचा मराठी नमुना प्रत्येक केंद्रात ठेवा. वृद्धांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनचा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

४) बचत गटात पासष्टीनंतर बाईला ‘आता तुमचं वय झालं’ म्हणून काढू नका.

५) ग्रामसभेत विरंगुळ्याच्या खोलीची, आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस म्हाताऱ्या बायकांच्या तपासणीची मागणी करा.

आणि सरकारकडे आपल्या मागण्या अशा: एकवीस हजारांची मर्यादा रद्द करा. बाईचं उत्पन्न तिचं स्वतःचं मोजा. कष्टकरी बाईसाठी पेन्शनचं वय पासष्टवरून खाली आणा. लाडकी बहीण पासष्टीला थांबते तिथून पुढे विनाअट पेन्शन सुरू करा. पेन्शन किमान वेतनाच्या निम्मी करा आणि महागाईला जोडा. गावपातळीवर घरी येऊन शुश्रूषा करणारी पगारी सेविका द्या आणि तिलाही पुरेसं वेतन द्या, कारण तीही उद्या म्हातारी होणार आहे.

या शिबिरात बसलेल्या आपल्यापैकी कितीजणींच्या नावावर घर आहे? कितीजणींना पेन्शन मिळणार आहे? बघा, हात किती थोडे वर आले. म्हणजे हे सगळं आपण दुसऱ्या कुणासाठी मागत नाही आहोत. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपली यादी घेऊन यावं. येताना त्या यादीतल्या एका तरी आजीला बरोबर आणावं. तहसील कचेरीवर आपला मोर्चा जाईल तेव्हा निवेदन तिच्या हातात असेल आणि बोलेलही तीच.